दाढ काढायची की नाही, हे भीतीला ठरवू देऊ नका

नवी मुंबईत दातांच्या डॉक्टरांची वानवा नाही. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम अशी पाच दंत महाविद्यालये हार्बर मार्गाच्या मोजक्या स्थानकांच्या अंतरात आहेत. वाशी-कोपरखैरण्यात दर चार दुकानांमागे दिसणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या त्या वेगळ्याच. तरीही दाढ ठणकू लागली की बहुतेकांची पावले आधी वळतात ती मेडिकलकडे. तिथून दुखण्याची गोळी, मग घरातला लवंगेच्या तेलाचा बोळा, मग कुणीतरी सांगितलेला पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स. या सगळ्यातून पार पडून माणूस अखेर सुजलेला गाल धरून खुर्चीत बसतो आणि विचारतो, ‘काढावीच लागेल का?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. या दाढेचे भवितव्य काय, हा पहिला. आणि जे काही करायचे ते मला सोसवेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एक्स-रे देतो. दुसऱ्याचे उत्तर भीतीच्या उपचारात आहे. आपल्याकडे मात्र दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर चिकटवले जाते, आणि तिथेच दातांचे वाटोळे होते.

आधी दाढेचे बघू. ती काढावी की वाचवावी, हे ठरवताना डॉक्टर काही ठरावीक गोष्टी तपासतात. कीड नसेपर्यंत पोचली आहे का, पोचली असेल तर वरचा भाग कॅप बसवण्याइतका शिल्लक आहे का, कीड हिरडीच्या खाली उतरली आहे का, मुळाला उभी चीर गेली आहे का, आजूबाजूचे हाड किती झिजले आहे, दात किती हलतो. नस सडली पण दाताची भिंत शाबूत असेल, तर रूट कॅनाल करून तीच दाढ पुढे कित्येक वर्षे वापरता येते. मुळालाच उभी चीर असेल तर तिला वाचवण्याचा खटाटोप बहुतेक वेळा वाया जातो. अक्कलदाढेचा हिशेब निराळा. आडवी आहे एवढ्यावरून ती काढायला घेऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली दिला. कीड, वारंवारची सूज, शेजारच्या दाढेला इजा असे कारण असेल तरच हात लावावा. या यादीत ‘पेशंट घाबरतो का’ हा मुद्दा कुठेच नाही, आणि नसावाच.

भीती मात्र निर्णयात घुसते, आणि ती दोन्ही बाजूंनी नुकसान करते. एक बाजू सर्वांच्या ओळखीची आहे: टाळाटाळ. छोटी कीड असताना सिमेंट भरून भागले असते, तिथे रूट कॅनालची पाळी येते. रूट कॅनालही टाळले की दाढ काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुसऱ्या बाजूची चर्चा फारशी होत नाही. त्या बाजूचा पेशंट भीतीपोटीच म्हणतो, ‘डॉक्टर, काढूनच टाका, एकदाची कटकट संपवा.’ रूट कॅनालच्या तीन-चार खेपा आणि दर खेपेला ते मशीन, यापेक्षा एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावलेला त्याला परवडतो. त्यात वाचण्याजोगी दाढ जाते. गेलेल्या दाढेची किंमत नंतर वसूल होते. मागचा दात काढल्यावर त्या जागच्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षभरात निम्म्याच्या आसपास घटते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरचा दात खाली उतरतो. पुढे ब्रिज किंवा इम्प्लांट बसवायचे तर खुर्चीतल्या खेपा कमी होत नाहीत, उलट वाढतात. म्हणजे ज्या कटकटीला भिऊन दाढ काढली, तीच दामदुपटीने परत येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘पण आता दुखायचे थांबले आहे.’ दाढेच्या बाबतीत दुखणे थांबणे ही नेहमीच शुभवार्ता नसते. आतली नस मेली की ठणका थांबतो. जंतू थांबत नाहीत. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू साठू लागतो. मेलेल्या नसेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पोटात घेतलेले अँटिबायोटिक दाताच्या आत पोचतच नाही. गोळ्यांनी सूज उतरते, उगम तसाच राहतो. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्याकडे पसरला तर श्वास कोंडण्यापर्यंत मजल जाते. लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये हा आजार नोंदवला, आणि आजही त्याच्या मुळाशी बहुतेकदा खालची सडलेली दाढच सापडते. मधुमेह्यांना हा धोका अधिक. अशा वेळी दाढ काढणे ही भीतीची गोष्ट राहत नाही, ती तातडीची गरज होते.

वेळेचे महत्त्व याहून स्पष्ट दिसते ते कर्करोगाच्या उपचारात. खारघरलाच टाटा मेमोरियल सेंटरचे ‘ॲक्ट्रेक’ आहे, आणि तंबाखू-मिशरीच्या आपल्या मुलखात तोंडाचा कर्करोग काही दुर्मीळ नाही. तोंडावर, जबड्यावर किरणोपचार करायचे असतील तर आधी दातांची तपासणी होते आणि ज्यांचा भरवसा नाही असे दात किरणे सुरू होण्यापूर्वीच काढले जातात. जखम भरायला साधारण दोन आठवडे हाताशी लागतात. याचे कारण असे की किरणांनंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग कधीतरी दात काढावा लागला तर जखम भरत नाही, हाडच मरू लागते. हा धोका वर्षानुवर्षे राहतो. अशा रुग्णाला ‘बघू पुढे’ म्हणण्याची सोय नसते. संशयित दाताचा निर्णय वेळेत घेणे म्हणजे काय, हे इथे लख्ख कळते. आपल्यापैकी बहुतेकांना अशी तारीख कोणी देत नाही. म्हणून तर दाढ तशीच कुजत राहते.

आता भीतीचे. दाताच्या खुर्चीला घाबरणे म्हणजे बालिशपणा, असा आपल्याकडे समज आहे. ‘एवढा मोठा गडी आणि इंजेक्शनला घाबरतो’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. त्याचा परिणाम एकच होतो: माणूस भीती लपवतो आणि कामाची सबब पुढे करतो. वास्तविक ही मोजता येणारी गोष्ट आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची मोजपट्टी केली. १९९५ मध्ये जेरी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी तिच्यात हिरडीतल्या इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घातला. उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचे असेल तर कसे वाटेल, बाहेर बाकावर बसल्यावर कसे वाटेल, असे हे साधे प्रश्न आहेत. पंचवीसपैकी एकोणीस किंवा जास्त गुण झाले तर भीती तीव्र समजायची. ब्रिटनच्या २००९ च्या पाहणीत बारा टक्के प्रौढ या तीव्र गटात निघाले. म्हणजे घाबरणारा माणूस एकटा नाही, आणि विक्षिप्त तर नाहीच.

जे मोजता येते त्यावर उपायही करता येतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दंतभीतीसाठी मानसोपचार घेतलेल्या १३० जणांपैकी ७९ टक्के लोकांनी पुढे गुंगीचे औषध न घेता दातांचे उपचार करवून घेतले. सरासरी पाच बैठका लागल्या. त्यात जादू काही नव्हती: नेमकी कशाची भीती आहे हे शोधायचे, तिच्या जवळ पायरीपायरीने जायचे, आणि मनात रंगवलेला प्रसंग खरोखर घडतो का ते पडताळायचे. असे खास केंद्र आपल्याकडे गल्लोगल्ली नाही हे खरे. पण या पद्धतीचा निम्मा भाग कोणत्याही समंजस डॉक्टरला जमण्यासारखा आहे. हात वर केला की थांबायचे असा ठराव आधीच करणे, पुढे काय होणार ते सांगत राहणे, पहिल्या दिवशी फक्त तपासणीच करणे, यासाठी वेगळी पदवी लागत नाही.

‘मला इंजेक्शन लागूच पडत नाही,’ ही तक्रार मात्र खोटी म्हणून उडवून लावू नये. लिग्नोकेन हे आज सर्रास वापरले जाणारे औषध १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले आणि १९४८ पासून बाजारात आले. साध्या परिस्थितीत ते दाढ पूर्ण बधिर करते. पण पू झालेल्या, सुजलेल्या जागी ऊतींमधले आम्ल वाढलेले असते आणि तिथे हे औषध नीट काम करत नाही. खालच्या दाढांना हा त्रास विशेष. अशा वेळी जाणकार डॉक्टर दुसरा डोस देतो, सुई टोचण्याची जागा बदलतो किंवा आधी पू काढून, सूज उतरवून चार दिवसांनी बोलावतो. घाईत हे झाले नाही तर पेशंट खरोखर कळवळतो आणि ती आठवण जन्मभर बाळगतो. त्याची भीती अनुभवातून आलेली असते. फक्त तिच्यातून तो काढतो तो निष्कर्ष उलटा असतो. सूज येण्याआधी गेले तर इंजेक्शन चांगले लागते, हा खरा धडा. तो मात्र जाणेच सोडतो.

नीट बधिर केलेल्या दाढेच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडते? हिरडीला जेल लावतात, सुई हळूहळू रिकामी करतात. खालचा ओठ जड होतो, मग सुजल्यासारखा वाटतो. टोकदार उपकरणाने हिरडी टोचून डॉक्टर विचारतात, ‘दुखतंय की दाबल्यासारखं वाटतंय?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बधिरतेने वेदना जाते, दाब जात नाही. दाढ हलवताना जबड्यावर जोर येतो, कानापर्यंत कटकट आवाज जातो, आणि आधी सांगितले नसेल तर त्या आवाजालाच माणूस वेदना समजतो. मग कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, दिवसभर थुंकायचे नाही, स्ट्रॉने प्यायचे नाही, तंबाखू-सिगारेट बंद. हे पाळले नाही तर खड्ड्यातली रक्ताची गाठ सुटते आणि तिसऱ्या दिवशी ‘ड्राय सॉकेट’चा ठणका सुरू होतो. पाळूनही काहींना तो होतो, अक्कलदाढेनंतर जास्त. पण तो बरा होतो. तेव्हा दाढ काढणे म्हणजे काहीच नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मरणप्राय आहे असे सांगणाऱ्यावरही नको.

‘मग सरळ झोपवूनच का काढत नाही?’ काहींच्या बाबतीत तेच योग्य असते: तीव्र भीती, गतिमंद मूल, एकाच वेळी चार अक्कलदाढा. शिवाय शुद्धीत ठेवूनच मन शांत करणारा नायट्रस ऑक्साइड वायूही आहे. होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. भुलीच्या इतिहासाचे एक पहिले पान दाढेनेच लिहिले आहे. पण पूर्ण भूल सर्वांना दिली तर खर्च आणि धोका दोन्ही वाढतात, आणि भीती होती तिथेच राहते. पुढच्या दाताला पुन्हा तीच भूल.

राहिला अविश्वास. ‘कॉलेजात शिकाऊ पोरे दात उपटतात’ आणि ‘खासगीवाले पैशासाठी रूट कॅनाल गळ्यात मारतात’, ही दोन वाक्ये एकाच तोंडून ऐकू येतात. महाविद्यालयात विद्यार्थी काम करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि अवघड दाढा शल्यविभागाकडे जातात. वेळ जास्त लागतो हे मान्य. खासगी दवाखान्यात अनावश्यक उपचार होतच नाहीत, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्यावर दाढ कुजवत ठेवणे हा उपाय कसा होतो? एक्स-रे हातात घ्यावा आणि दुसऱ्या ठिकाणी दाखवावा. या शहरात दुसरे मत मिळवायला लोकलचे तिकीट पुरते. वरची दाढ काढली की नजर जाते, या समजुतीला मात्र दुसऱ्या मताचीही गरज नाही: दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची वेगळी. दाढ काढायचे ठरलेच, तर साखर जास्त असल्यास आधी ती आटोक्यात आणावी, रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, दाताच्या आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्यावे.

महाविद्यालयांना आणि दवाखान्यांना एक मागणी करावीशी वाटते. केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी विचारता, तिथेच भीतीचे ते पाच प्रश्न मराठीत छापा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ‘घाबरू नका’ या निरर्थक वाक्याऐवजी पेशंट कशाला घाबरतो ते आधी कळेल. आणि ज्यांची दाढ गेल्या दिवाळीपासून अधूनमधून ठणकते आहे त्यांनी या आठवड्यात जावे, पण काढायला नव्हे. आज फक्त तपासायचे, इंजेक्शन नाही, हत्यार नाही, असे काउंटरवरच सांगावे. एक्स-रे काढावा, दाढ वाचण्याजोगी आहे का एवढेच विचारावे, आणि घरी यावे. मग भीती किती आहे ते सांगून पुढची तारीख घ्यावी.