मोबाईल टॉवरांचा वीज व डिझेल वापर कमी करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव

विषय : अमळनेर शहर व तालुक्यातील मोबाईल टॉवरांवरील डिझेल जनरेटर बंद करून ऊर्जाबचतीचे उपाय लागू करणेबाबत.

महोदय,

या विषयावर अमळनेरच्या रहिवाशांनी यापूर्वी वारंवार तक्रारी दिल्या असून संबंधित यंत्रणांकडून त्यांना पोचेपलीकडे काही मिळालेले नाही; म्हणून हे निवेदन सविनय सादर करण्यात येत आहे.

मोबाईल जाळ्याच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा टॉवरवरील बेस स्टेशन, म्हणजे हँडसेटशी रेडिओलहरींनी संपर्क ठेवणारी यंत्रणा, खर्च करते, आणि जेथे ही यंत्रणा बंद खोलीत ठेवलेली असते तेथे ती थंड ठेवण्याचा खर्च वेगळा पडतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या खानदेशात हा भार आणखी वाढतो. त्यातच शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य सुमारे 25 अंशांपुढील दर 10 अंशांना साधारण निम्मे होत असल्याने येथील बॅटऱ्या लवकर निकामी होतात, आणि वीज गेल्यावर काही वेळातच दाट वस्तीतील टॉवरचा डिझेल जनरेटर सुरू होतो. एक लिटर डिझेल जळताना अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. परंतु रहिवाशांना त्याहून आधी सोसावा लागतो तो खिडकीतून घरात शिरणारा धूर आणि रात्रभराची घरघर. वीज नसल्याने पंखा बंद आणि धुरामुळे खिडकीही बंद, अशा स्थितीत वृद्धांनी, दमेकऱ्यांनी आणि परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी मे महिन्यातील रात्री काढाव्यात, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. पावसाळ्यापूर्वी बॅटऱ्या बदलण्याचे तोंडी आश्वासन टॉवरचालकाने दिले होते. पावसाळा सरल्यावर सौर पॅनेल बसवण्याचे दुसरे आश्वासन मिळाले. बॅटऱ्या जुन्याच आहेत आणि पॅनेल आलेले नाहीत.

देशपातळीवरील आश्वासनांचे वर्तमान येथे तरी वेगळे नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या एप्रिल 2011 मधील शिफारशींनंतर दूरसंचार विभागाने जानेवारी 2012 मध्ये हायब्रिड ऊर्जेचे, म्हणजे अपारंपरिक स्रोत व वीजजाल यांच्या जोडपुरवठ्याचे, लक्ष्य ठरवले : 2015 पर्यंत ग्रामीण 50 टक्के व शहरी 20 टक्के टॉवर, आणि 2020 पर्यंत अनुक्रमे 75 व 33 टक्के. दोन्ही मुदती उलटल्या, तरी तक्रारीतील टॉवर डिझेलवरच आहे. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून उभा असताना खानदेशात ऊन कमी पडते, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मध्यरात्रीनंतर संभाषण व डेटा यांची मागणी बरीच घटते, पण विजेचा वापर त्या प्रमाणात घटत नाही, कारण फोर-जी केंद्र एकही ग्राहक जोडलेला नसतानाही जवळजवळ प्रत्येक मिलिसेकंदाला संदर्भसंकेत पाठवत राहते; फाइव्ह-जीमध्ये असे मूलभूत संकेत सामान्यतः 20 मिलिसेकंदांनी पाठवता येतात आणि मधल्या काळात यंत्राला निद्रावस्था, म्हणजे काही भाग तात्पुरते बंद ठेवणे, शक्य होते. एकाच ठिकाणी अनेक वारंवारिता चालू असल्यास मागणी नसताना त्यातील काही बंद ठेवण्याची सोयही उपलब्ध आहे. ती रात्री वापरण्याबाबत दूरसंचार विभागामार्फत कंपन्यांना कळवावे.

याशिवाय नवा टॉवर उभारण्याऐवजी असलेला टॉवर कंपन्यांनी वाटून वापरावा, खोलीतील यंत्रांऐवजी वातानुकूलनाविना चालणारी बाहेरची यंत्रे बसवावीत, आणि जनरेटरच्या आवाजाची मोजणी रात्री व्हावी.

मुख्य मागणी मात्र एकच आहे : वस्तीतील टॉवरवर येत्या उन्हाळ्यापूर्वी लिथियम बॅटऱ्या व सौर पॅनेल बसवून तेथील जनरेटर हटवण्याचा तारखेसह लेखी आदेश द्यावा आणि त्याची प्रत निवेदनकर्त्यांना मिळावी. यापुढे तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

निवेदनकर्ते,
अमळनेर शहर व तालुक्यातील रहिवासी आणि मोबाईल ग्राहक