आधी हद्द, मग हातोडा

अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी गल्लीत शिरली की कल्याण-डोंबिवलीतल्या ठाकुर्लीत पहिला फोन जातो वकिलाला, दुसरा नगरसेवकाला. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून जन्म काढलेल्या माझ्यासारख्याची आठवण होते ती या दोघांनी हात टेकल्यावर. तोवर कोर्टातून ‘जैसे थे’ आलेलं असतं, भिंत अर्धी पडलेली, अर्धी उभी. आणि रस्त्याची हद्द नेमकी कुठून जाते, हे कुणीच मोजलेलं नसतं.

निवृत्तीनंतर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावच्या गृहस्थांनी मला नोटीस दाखवली. ओटा आणि तुळशीवृंदावन रस्त्यात चार फूट आलंय म्हणे. चार फूट कुठून धरले? गटाराच्या काठापासून फीत टाकली होती! ते गटार काँक्रीटीकरणाच्या वेळी समोरच्या इमारतीच्या गेटसाठी अलीकडे सरकवलेलं, अख्ख्या आळीला ठाऊक. आमच्या खात्यात नव्या पोरानं असं टाचण आणलं असतं तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता. हद्द काढायची तर आधी जुना दगड शोधायचा, तीन सर्व्हे नंबर मिळतात ती जागा पक्की करायची, मूळ नकाशाशी ताडायची, लगतच्या कब्जेदारांना नोटीस देऊन त्यांच्या देखत खुणा करायच्या. पूर्वी तेहतीस फुटी साखळी होती, आता उपग्रहाच्या आधारे मोजणारा रोव्हर आहे. रीत तीच.

हा कारकुनी काथ्याकूट वाटेल, पण कायदा बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ नुसार रस्त्यावर उभं केलेलं बांधकाम आयुक्त नोटीस न देताही काढू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझरला लगाम घातला, पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची किंवा नदीपात्रातली बांधकामं त्यातून वगळली. म्हणजे जागा रस्त्याची ठरली की पंधरा दिवसांचं संरक्षणही गेलं. ज्या रेषेवर एवढं अवलंबून, ती गटारावरून ठरवायची?

ठाकुर्लीत तर एकाच गल्लीत तीन कायदे भेटतात. रेल्वेच्या जागेला १९७१ चा सार्वजनिक जागांचा कायदा, सरकारी जागेला जमीन महसूल संहितेचं कलम ५०, रस्त्याला वरचं २३१. वर चौथा पक्ष: चोळे गावातल्यासारखी जुनी शेतकरी कुटुंबं. विकास आराखड्यात रस्ता आखला म्हणून जमीन महापालिकेची होत नाही. ती मोबदला किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन घ्यावी लागते, ताबा घ्यावा लागतो, फेरफार करून सातबाऱ्यावर नाव लावावं लागतं. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, आणि पुढे २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षणच उडतं. नकाशावर रस्ता आणि सातबाऱ्यावर शेत, अशा जागी चाळ उठते, चाळीची इमारत होते. मग मागच्या सोसायटीत ॲम्ब्युलन्स शिरत नाही म्हणून दावा लागतो.

कल्याण-डोंबिवलीत मोजदाद झालेली नाही असं नाही. उच्च न्यायालयाने नेमलेल्या अग्यार समितीच्या अहवालात ६७,९२० बेकायदा बांधकामं नोंदली गेली. पुढे काय झालं? नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश द्यावा लागला. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या या इमारती. काही तर सरकारी जागेवर. घरं घेणाऱ्यांनी महारेराचा नंबर पाहिला, कर्जं काढली. जागेच्या मोजणी नकाशाची ‘क’ प्रत किती जणांनी मागितली असेल?

यावर ‘मोजणी म्हणजे बिल्डरला मुदत’ असा आक्षेप येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. मोजणीच्या तारखेला गैरहजर राहून काम लांबवणारे महाभाग मी पाहिलेत. पण बिनमोजणीची कारवाई मनाई हुकमात अडकते तेव्हा वर्षंच्या वर्षं जातात, आणि तो हुकूम खऱ्या अतिक्रमण करणाऱ्यालाही तेवढाच उपयोगी पडतो. स्टेशनबाहेरच्या हातगाडीला अर्थातच रोव्हर नको. एल्फिन्स्टन रोड स्थानकातल्या चेंगराचेंगरीनंतर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने फेरीवाल्यांना स्टेशनपासून १५० मीटरची मर्यादा घातली आहे, ती पाळायला लावली तरी पुष्कळ झालं.

पक्क्या बांधकामांबाबत मात्र क्रम उलटा करा. आराखड्यातल्या एकेका रस्त्याची हद्द कायम मोजणी महापालिकेनं स्वतः फी भरून करून घ्यावी. दगड रोवावेत, नकाशा प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावा, ज्याच्या सातबाऱ्यातून रस्ता जातो त्याचा हिशेब चुकता करावा. त्यानंतर ज्याचा ओटा आत येईल त्याचा खुशाल तोडा, माझा आला तर माझाही.