जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला आणि उत्तम चालणारे असंख्य संगणक कालबाह्य ठरले. विंडोज ११ च्या अटींत त्यांचे प्रोसेसर बसत नाहीत, एवढाच त्यांचा दोष. पण घरातले फोटो, शाळेचे दाखले, जमिनीची कागदपत्रं, आजीच्या आवाजातल्या ओव्या एका जागी साठवायच्या आणि वायफायवरून सगळ्यांच्या फोनवर उघडायच्या, एवढ्या कामाला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही पुरतो. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्टसारखी मोफत प्रणाली बसवायची, हार्ड डिस्क जोडायची, राउटरपासून केबल आणायची. घरचा स्टोरेज सर्व्हर उभा राहतो. ज्या घरात असं यंत्र पडून आहे, तिथे हे करायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

क्लाउड असताना हा खटाटोप कशाला, हा पहिला आक्षेप. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ ला संपली. आता फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी मोफत, पुढे भाडं. पण मला पैशांहून मोठा प्रश्न भरवशाचा वाटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या क्लाउडवरचा ८५८ टीबी डेटा जळाला. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं केंद्र जळालं, तेव्हाही ज्यांनी वेगळी प्रत ठेवली नव्हती अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.

विजेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि स्वस्ताईच्या उत्साहात तोच विसरला जातो. जुना डेस्कटॉप सरासरी ५० वॅट ओढत रात्रंदिवस चालला तर वर्षाला सुमारे ४३८ युनिट जळतात. युनिटला दहा रुपये धरले तरी चार हजारांवर खर्च. फुकटचं यंत्र असं महागात पडतं. लॅपटॉप आणि डिस्क मिळून १५ वॅटमध्ये भागलं तर तोच खर्च तेराशेच्या आसपास येतो, शिवाय वीज गेली तर बॅटरी काही काळ सांभाळून घेते. ती फुगलेली असेल तर मात्र आधी काढून टाकावी. काटकसर यंत्रात करावी, डिस्कमध्ये नको. वर्षानुवर्षं फिरलेली डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून ती नवीच घ्यावी.

आणि आग घरालाही लागते, चोरीही होते. हे मान्य करूनच मी घरच्या सर्व्हरची बाजू घेतो. तो क्लाउडच्या जागी नव्हे, क्लाउडच्या जोडीला हवा. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड पद्धत डिस्क बिघडली तर वाचवते. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून निवडक, पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींची एक प्रत घराबाहेर असावी: क्लाउडवर, नाहीतर नातेवाइकांकडे ठेवलेल्या डिस्कवर. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने असेच उघडे सर्व्हर गाठून लोकांच्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. बाहेरगावाहून फोटो पाहायचेच असतील तर वायरगार्डसारखा मोफत व्हीपीएन आहे. हे सगळं जमवणारा माणूस बहुतेक घरांत एकच असतो, तेव्हा पासवर्ड आणि डिस्क कशी उघडायची याची कृती मराठीत कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावी, आणि वर्षातून एकदा त्यांच्याकडूनच एखादी जुनी फाइल परत काढून घ्यावी.