दात वयाने जात नाहीत



‘म्हातारपणी दात जायचेच, त्यावर सरकारी पैसा कशाला?’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला साफ अमान्य आहे. दात जातात ते किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने. आमच्याकडे मजुरीवर आयुष्य काढलेल्या कित्येक आज्या रोज मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या खाली सरकतात, मुळे उघडी पडतात. त्यात मधुमेह असला तर हिरड्या अधिक बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही आटोक्यात राहत नाही. कवळी परवडत नाही, मग भाकरी कुस्करूनच गिळायची.

सरकारी तपासणीत तिशीपुढच्यांचे तोंड कर्करोगासाठी पाहायचेच असते. तेव्हाच हिरड्याही पाहाव्यात आणि साफसफाईसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवावे.

– एक वाचक, सातारा