होम सायन्स म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हे

भगिनींनो, मुलीने होम सायन्स घ्यायचे म्हटले की घरात कोणीतरी हमखास म्हणते, "स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला? तो तर आई शिकवते." म्हणणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. या विषयाचा इतिहासच आपल्याला कोणी सांगितलेला नाही.

अमेरिकेत एलेन स्वॅलो रिचर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञ बाई होऊन गेल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेत प्रवेश मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८७३ साली त्यांनी तेथून रसायनशास्त्राची पदवी घेतली. पिण्याचे पाणी शुद्ध आहे का, अन्नात भेसळ आहे का, हे त्या प्रयोगशाळेत तपासत. ही माहिती घरोघरच्या बायकांपर्यंत गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १८९९ साली लेक प्लॅसिड येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि 'होम इकॉनॉमिक्स' हे या विषयाचे नाव ठरले. आपण त्यालाच होम सायन्स किंवा गृहविज्ञान म्हणतो.

त्याच देशात या शिक्षणाची दुसरी बाजूही होती. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. तरीही कृष्णवर्णीय मुलींच्या अनेक शाळांत स्वयंपाक, धुणे, शिवण शिकवताना हिशेब असा असे, की या पोरी पुढे गोऱ्यांच्या घरी चांगल्या मोलकरणी होतील. विषय तोच, पण एकीच्या हाती परीक्षानळी आणि दुसरीच्या हाती खरकटी भांडी.

हा हिशेब मोडणाऱ्यांत फ्लेमी किट्रेल यांचे नाव मोठे आहे. त्यांचा जन्म १९०४ साली नॉर्थ कॅरोलिनातील हेंडरसन गावी, वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. लहानपणीच त्यांना लोकांच्या घरी काम करावे लागले. हॅम्प्टन येथे शिकताना शिक्षकांनी गृहविज्ञान सुचवले, तेव्हा त्यांना ते आवडले नाही. घरकामात शिकण्यासारखे काय आहे, असेच त्यांना वाटले. पुढे रिचर्ड्सबाईंचे कार्य वाचनात आले आणि त्यांचे मत बदलले. १९३६ साली त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पोषणशास्त्रात पीएच.डी. मिळवली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. १९४४ पासून त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात या विषयाच्या विभागप्रमुख होत्या.

त्यानंतर त्यांनी आफ्रिकेतील लायबेरिया देशात लोकांच्या आहाराची पाहणी केली. लोक पोटभर जेवत होते, पण जेवण मुख्यतः भात आणि कसावा या कंदाचे. पोट भरे, पण अंगाला लागणारी प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळत नसत. याला छुपी भूक म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. मूल रडत नाही, पण वाढतही नाही.

ज्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले, त्याच बडोद्याला १९५० साली किट्रेलबाई अमेरिकेहून आल्या. घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या हंसाबेन मेहता तेव्हा बडोदा विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. तेथील गृहविज्ञान शाखेची घडी बसवण्यात किट्रेलबाईंनी मदत केली. लोकांच्या घरी राबलेली मुलगी आता दुसऱ्या देशाच्या विद्यापीठाला शास्त्र शिकवत होती.

म्हणून भगिनींनो, लेकीने हा विषय मागितला तर हसण्यावारी नेऊ नका. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: आहारशास्त्र, बालविकास, वस्त्रशास्त्र हे विषय आहेत का? प्रयोगशाळा आहे का? पुढे पदवीची सोय आहे का? त्या वाटेने रुग्णालयात आहारतज्ज्ञ होता येते, शिक्षिका होता येते. आणि नुसती पाककृतींची वही भरून घेत असतील, तर दुसरे कॉलेज शोधा. तेवढे तर ती तुमच्याजवळ बसून शिकेलच. मुलगाही शिकेल, त्यालाही बसवा.