भिंतीवरचे चित्र : लहान प्रोजेक्टर घेताना

सुगीचे चार पैसे हाती आले की घरात एखादी नवी वस्तू यावी असे कुणालाही वाटते. पूर्वी ती वस्तू म्हणजे रेडिओ किंवा शिलाई यंत्र असे, पुढे टीव्ही आला. आता मुले आणखी एक नाव घेऊ लागली आहेत : हातपिशवीत मावणारा लहान प्रोजेक्टर. भिंतीवर पाच-सहा फुटांचे चित्र पाडतो, घरी मुलांच्या कामाचा आणि बाहेर गटाच्या बैठकीलाही उपयोगी. एका दामात दोन कामे होत असतील तर कुणाला नकोत? पण वाचकहो, या वस्तूत फसगतही तितकीच होते. म्हणून आज तिची पारख करू.

भिंतीवर चित्र पाहणे आपल्याला नवे नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर दाखवली. जत्रेतल्या तंबूतला सिनेमा तर घरच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तत्त्व अजून तेच आहे. मागे दिवा, मध्ये चित्र आणि पुढे भिंग. म्हणून पारखही दिव्यापासूनच सुरू करायची.

दिवा किती उजेडाचा?

प्रोजेक्टरचा उजेड ल्युमेन या मापात सांगतात. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर ‘९००० ल्युमेन’, ‘१२००० ल्युमेन’ असे आकडे ठळक छापलेले असतात. त्यांवर भुलू नये. मानायचा आकडा ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ असा लिहिलेला असतो. अ‍ॅन्सीच्या पद्धतीत पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. नुसते ‘ल्युमेन’ लिहिलेल्या मोठ्या आकड्याच्या यंत्रात असे खरे माप पुष्कळदा शे-दोनशेच्या घरात असते. खोक्यावर अ‍ॅन्सी किंवा आयएसओचा आकडाच नसेल तर दुकानदाराला विचारावा, आणि त्याने टाळाटाळ केली तर दुसरे दुकान गाठावे.

आता हा उजेड भिंतीवर कसा पसरतो ते पाहा. कळशीभर पाणी एका वाफ्याला दिले तर माती भिजते, तेच चार वाफ्यांना वाटले तर नुसती धूळ बसते. सहा फूट रुंदीचे चित्र साधारण वीस चौरस फुटांचे होते. बारा फूट रुंद केले तर ते चाळीस नव्हे, ऐंशी चौरस फुटांचे होते. म्हणजे रुंदी दुप्पट केली की उजेड पावपट उरतो. २०० अ‍ॅन्सी ल्युमेनचे यंत्र अंधाऱ्या खोलीत सहा फुटांपर्यंत चांगले दिसते. त्याच खोलीत ट्यूबलाइट लावली की रंग फिके पडतात, आणि दिवसा दार उघडे राहिले तर अक्षरेही लागत नाहीत.

इथेच खरा निर्णय आहे. समजा, बचत गटातल्या वीस बायांनी महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकले आणि त्यातून चौदा हजारांचे यंत्र घ्यायचे ठरले. ही सात महिन्यांची बचत झाली. गटाची बैठक भरते दुपारी, सवडीच्या वेळी, देवळाच्या उघड्या सभामंडपात. तिथे असले लहान यंत्र काहीच दाखवणार नाही, आणि सात महिन्यांचा पैसा फळीवर धूळ खात पडेल. बैठक दिवसा असेल तर हजारांच्या घरातले अ‍ॅन्सी ल्युमेन असलेले मोठे यंत्र लागते, आणि तेही दारे-खिडक्या लावता येतील अशा खोलीत. नाहीतर सरळ टीव्ही घ्यावा. रात्री जेवणे आटोपल्यावर पाहायचे असेल, तर मात्र लहान प्रोजेक्टर शोभतो.

चित्राची सफाई आणि जागा

दुसरी गोष्ट चित्राच्या बारकाव्याची. खोक्यावर ‘१०८०पी सपोर्टेड’ किंवा ‘४के सपोर्टेड’ असे असते. त्याचा अर्थ, तेवढ्या बारकाव्याची चित्रफीत यंत्र स्वीकारते, तेवढी दाखवतेच असे नाही. शेराच्या मापात पायलीभर धान्य ओतले तरी मापात राहते ते शेरभरच. यंत्राचे स्वतःचे माप ‘नेटिव्ह’ या शब्दापुढे लिहिलेले असते, ते वाचावे. १२८० बाय ७२० असेल तर सिनेमा आणि क्रिकेट बरे दिसते. हिशेबाचे तक्ते, सातबारा किंवा मुलांचे धडे वाचायचे असतील तर १९२० बाय १०८० घ्यावे. ८५४ बाय ४८० मध्ये बारीक अक्षर फुटते.

तिसरी गोष्ट अंतराची. माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. तो १.२ असेल तर सहा फूट रुंद चित्रासाठी यंत्र भिंतीपासून सव्वासात फुटांवर ठेवावे लागेल. आपले माजघर किती लांब आहे ते आधी टेपने मोजून घ्यावे. यंत्र भिंतीच्या समोर, सरळ रेषेत ठेवावे. तिरपे ठेवले तर आजची यंत्रे चित्र आपोआप चौकोनी करतात, पण त्यात थोडी सफाई वाया जाते.

वीज, आवाज आणि धूळ

भारनियमनाच्या गावात बॅटरीचे यंत्र मोहात पाडते. तिचा हिशेब सोपा आहे. बॅटरीचे वॉट-तास भागिले यंत्र खात असलेले वॉट. बॅटरी ९० वॉट-तासांची आणि यंत्र ६० वॉटचे असेल तर दीड तास. कंपनी ‘तीन तास’ म्हणत असेल तर ते बहुधा उजेड मंद ठेवून. घरी इन्व्हर्टर असेल तर बॅटरीसाठी जादा पैसे मोजू नयेत, त्याच पैशांत जास्त उजेडाचे यंत्र मिळते.

‘एलईडीचे आयुष्य २०,००० तास’ असेही सांगतात. रोज दोन तास लावले तर ती सत्तावीस वर्षे झाली! दिव्याआधी पंखा, बॅटरी किंवा अ‍ॅडॅप्टर जाईल. म्हणून दिव्याच्या आयुष्यापेक्षा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्ती होते का, हे विचारणे महत्त्वाचे.

आतला स्पीकर खोलीपुरता असतो. पंचवीस-तीस माणसांत भजनी मंडळाचा स्पीकर जोडावा लागेल, त्याची सोय यंत्रात आहे ना ते बघावे. आपल्याकडे मळणीची धूळ आणि कडब्याचा भुसा घरभर असतो. स्वस्त यंत्रांत ती पंख्यावाटे आत शिरते आणि चित्रावर कायमचे काळे ठिपके पडतात. भिंगामागचा भाग धूळबंद असलेले यंत्र दोन पैसे जास्त देऊनही परवडते. हवेची भोके उशी-गोधडीने झाकू नयेत, आणि लहान मुलांना चालू भिंगात डोळा लावू देऊ नये.

पैसे मोजण्याआधी

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. म्हणून पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कर किती लावला ते पाहावे. अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. फोन जोडून पाहावा. काही सिनेमांची अ‍ॅपे फोनवरून भिंतीवर चित्र जाऊ देत नाहीत, नुसता आवाज येतो. इंटरनेट नसले तरी पेनड्राइव्हवरची चित्रफीत चालली पाहिजे. ऑनलाइन मागवले तर परत करण्याची मुदत संपण्याआधी घरी दोनदा लावून पाहावे, एकदा अंधारात आणि एकदा दिवा लावून. माल सांगितल्यासारखा नसेल आणि विक्रेता ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

महागडा पडदा लगेच घेऊ नये. चुना दिलेली सपाट भिंत किंवा ताणून बांधलेला पांढरा मादरपाट पुरतो. अंगणात लावाल तर पावसाळ्यात किडे उजेडाकडे येतात, तेव्हा यंत्र उघड्यावर सोडू नये. आणखी एक : सिनेमा घरच्यांनी मिळून पाहणे वेगळे आणि चावडीवर साऱ्या गावाला दाखवणे वेगळे. त्यासाठी हक्कदाराची परवानगी लागते. शेतीच्या चित्रफिती मात्र कृषी विज्ञान केंद्राकडे मागून पाहाव्यात.

घरात कुणी काय पाहणार, कधी पाहणार आणि कुठे पाहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे घरच्या कारभारणीसह सगळ्यांनी बसून कागदावर लिहावीत. मगच तो कागद खिशात घालून बाजाराला निघावे. दुकानातला झगमगाट पाहून ठरवलेली वस्तू दुकानातच चांगली दिसते.