काला करण्याआधी

तुमच्या गावात सप्ताह बसतो ना? शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि मग काला वाटतात. लाह्या, पोहे, दही, लोणचं, सगळं एकत्र कालवलेलं. पण कालवून झाल्यावर कुणी म्हणालं, "यातलं दही तेवढं परत काढून द्या," तर? वाढणारा हसेल आणि पुढच्या पानाकडे वळेल! आज आपण अशाच एका काल्याबद्दल बोलणार आहोत. हा काला मात्र आवाजांचा आहे.

काही वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यातल्या एका गावात, आम्ही चार-पाच जणांनी भजनी मंडळाचं भजन रेकॉर्ड करायचं ठरवलं. पहिल्या रात्री एकच मोबाईल मधोमध ठेवला. घरी येऊन ऐकतो तर काय, नुसते टाळ! बुवांचा आवाज जणू विहिरीतून येत होता. देवळात बसून ऐकताना असं वाटलं नव्हतं बरं का. आपला मेंदू हुशार असतो, त्याला बुवांचे शब्द हवे असतात म्हणून तो टाळांकडे कानाडोळा करतो. माईकला ही अक्कल नसते. जो जवळ आणि जो मोठा, तोच त्याला ऐकू येतो.

१९०२ साली भारतात ग्रामोफोनसाठी पहिल्यांदा गाणी नोंदली गेली, तेव्हाही हीच अडचण होती. एकच कर्णा असायचा. गाणाऱ्याने त्यात तोंड घालून गायचं आणि मोठ्या आवाजाच्या वाद्यांनी लांब बसायचं. पुढे प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर नोंदणारी यंत्रं आली. अशा प्रत्येक पट्टीला म्हणतात ट्रॅक. अमेरिकेतला गिटारवादक लेस पॉल याने १९५७ साली आठ ट्रॅकचं यंत्र घेतलं, तेव्हा ती मोठी नवलाईची गोष्ट होती. आज तुमच्या वर्गातल्या चार मुलांच्या घरचे मोबाईल गोळा केले, की झाले चार ट्रॅक!

दुसऱ्या रात्री आम्ही तेच केलं. एक मोबाईल बुवांसमोर, एक पेटीजवळ, एक पखवाजाजवळ आणि एक टाळकऱ्यांपुढे. चारही रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये घेतली. २००० सालापासून तो फुकट मिळतो. पडद्यावर एकाखाली एक चार आडव्या पट्ट्या दिसू लागल्या, प्रत्येकीत आवाजाच्या लाटा.

पण चारही मोबाईल एकाच क्षणी थोडेच सुरू झाले होते! मग जुळवायचं कसं? त्यासाठी भजन सुरू होण्याआधी मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवायची. पडद्यावर ती उंच सुळक्यासारखी दिसते. चारही सुळके एका रेषेत आणले, की जुळलं. गंमत म्हणजे एवढ्यानेही भागत नाही. प्रत्येक मोबाईलचं आतलं घड्याळ किंचित वेगळं चालतं. अर्ध्या तासाने पखवाज पेटीच्या जरासा मागे पडला, तर तो पखवाजवाल्याचा दोष समजू नका! म्हणून शेवटीही एक टाळी वाजवायची. टाळ्यांमध्ये फरक दिसला, तर दोन अभंगांमधल्या शांततेत ट्रॅक कापायचा आणि पुढचा तुकडा सरकवायचा.

हे जुळवण्याचं काम आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात फार मोठ्या प्रमाणावर चालतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, तिच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्यांचा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा! आकाशातल्या एकाच ताऱ्याच्या रेडिओलहरी प्रत्येक अँटेनापर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात. तिथून ते संकेत काचतंतूंच्या तारांमधून मधल्या इमारतीत येतात. तिथे एकाच घड्याळाच्या ठेक्यावर ते मोजतात, प्रत्येकाचा उशीर वजा करतात आणि मगच एकत्र करतात. ३० ट्रॅक म्हणा ना! फक्त टाळी वाजवायला तिथे कुणी जाऊ शकत नाही, म्हणून उशिराचं गणित करावं लागतं.

असो. आता भजनाकडे. जुळलेले ट्रॅक एकेक करून ऐकायचे. 'सोलो' दाबलं की तेवढाच ट्रॅक वाजतो, 'म्यूट' दाबलं की तेवढाच गप्प. टाळ थोडे खाली, बुवा थोडे वर. कुणी खोकलं, तर तेवढा भाग शांत करता येतो. पण तोच खोकला बाकीच्या मोबाईलनीही हळूच टिपलेला असतो, त्यामुळे पूर्ण जात नाही. आणखी एक सांगतो. चारही ट्रॅक वेगवेगळे ऐकताना ठीक वाटतात, पण एकत्र वाजले की बेरीज होते आणि आवाज मर्यादेबाहेर जातो. मग लाटांची टोकं छाटली जातात आणि कानाला खरखर लागते. मोजपट्टीवर लाल रंग दिसला, की सगळे ट्रॅक थोडे थोडे खाली आणायचे.

आणि मग येतो एक्स्पोर्ट. म्हणजेच काला! चार ट्रॅक कालवून एकच फाईल तयार होते. वेव्ह प्रकारात ती मिनिटाला साधारण १० एमबी होते आणि आवाज जसाच्या तसा राहतो. एमपी३ प्रकारात मिनिटाला साधारण १ एमबी, कारण कानाला सहसा न जाणवणारे बारकावे त्यात गाळलेले असतात. म्यूट केलेला ट्रॅक काल्यात येत नाही, हे लक्षात ठेवा. नाहीतर गावाला पेटीशिवायचं भजन जायचं!

आमचं भजन एमपी३ होऊन गावात घरोघर पोहोचलं. सगळे खूश. मी कॉम्प्युटरवर जागा हवी म्हणून चारही ट्रॅक आणि प्रोजेक्ट पुसून टाकलं. गाणं तर झालं होतं, आता ते कशाला?

दोन वर्षांनी पखवाजवाले आजोबा वारले. त्यांचा नातू तेव्हा पखवाज शिकत होता. तो एक दिवस पेनड्राईव्ह घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, मला फक्त आजोबांचा पखवाज द्या. बाकी काही नको. त्यांचा हात कसा पडायचा ते ऐकायचंय."

काय सांगणार त्याला? मिसळलेले आवाज वेगळे करणारे प्रोग्रॅम आता आहेत. जॉन लेननच्या एका जुन्या कॅसेटमधून त्याचा आवाज पियानोपासून असाच वेगळा काढून बीटल्सचं गाणं २०२३ साली निघालं. मीही तसा एक प्रोग्रॅम वापरून पाहिला. पखवाज आला, पण प्रत्येक थापेला टाळांची किणकिण चिकटलेली. डाव्या हाताची घुमारेदार थाप तर पेटीतच बुडाली होती. मग ज्यांचे मोबाईल त्या रात्री होते त्यांना फोन केले. पेटीजवळचा ट्रॅक एकीच्या आईच्या मोबाईलमध्ये अजून होता. पखवाजाजवळचा मोबाईल माझाच होता.

त्या पोराने पेटीचा ट्रॅक नेला. त्यात लांबून पखवाज ऐकू येतो, एमपी३पेक्षा बरा. आता सप्ताहात तोच पखवाजावर बसतो. रेकॉर्डिंग असलं की आधी विचारतो, "काका, ट्रॅक किती ठिकाणी ठेवणार?" मी सांगतो, दोन ठिकाणी. एक प्रत माझ्याकडे, दुसरी पेनड्राईव्हवर त्याच्याकडे. प्रत्येक ट्रॅक वेगळा, वेव्हमध्ये, सगळे एकाच शून्य सेकंदापासून सुरू होणारे, म्हणजे उद्या दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये घेतले तरी आपोआप जुळतील. आणि फाईलच्या नावात वाद्य, वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख.